एक जादा ओळ

ऑफिसात त्याला सगळे ‘चौकशी खिडकी’ म्हणायचे. लिफ्ट बंद पडली की बाकीचे निमूट जिना धरत. हा दुरुस्तीवाल्याशेजारी उकिडवा बसून आत काय काय आहे ते विचारत राही. पोटापाण्यासाठी त्याने एक लायब्ररी लिहिली होती. पुस्तकांची नव्हे, प्रोग्रामरना आयती वापरता यावी अशी कोडची पेटी. कुणी विचारलेला प्रश्न घ्यायचा, त्याला नीट सूचनांची जोड द्यायची आणि भाषेच्या मोठ्या मॉडेलकडे, म्हणजे प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या एआयकडे, पाठवायचा, एवढंच तिचं काम.

त्या सूचनांत त्याने पहिल्यापासून एक ओळ घातली होती: ‘माहीत नसेल तर तसं सांग.’ आता ती त्याच्या धंद्यातल्या भागीदाराच्या डोळ्यांत खुपायला लागली होती.

“अरे, गिऱ्हाईकं वैतागतात,” भागीदार म्हणाला. “ऊठसूट ‘माहीत नाही’ ऐकायला कोण थांबेल? नवी आवृत्ती आज जातेय. काढून टाक.”

“काढली तर काय होतं ते तरी बघू दे.”

“बघ बाबा. बघितल्याशिवाय तू थोडाच राहणार आहेस.”

सगळे जेवायला गेल्यावर त्याने ओळ काढली. आता मॉडेलला ठाऊक असणं शक्यच नाही असं काहीतरी विचारायला हवं होतं. तो डोकं खाजवत बसला आणि मग, कसं कोण जाणे, त्याने टाइप केलं: ‘माझे वडील शेवटचं काय बोलले?’ त्यांच्याशी भांडून तो घराबाहेर पडला होता. परत पोचला तोवर सगळं आटोपलं होतं. आपण धाकटे, आणि भांडण मिटलं नाही, हेही त्याने लिहिलं.

उत्तर चटकन आलं. ‘ते म्हणाले, धाकट्याला सांगा, माझ्या मनात काही नाही.’

हे धादांत खोटं आहे, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? पेटी त्याचीच. तरी त्याने ते वाक्य बाबांच्या आवाजात पुन्हा वाचून पाहिलं. ते खरं असावं असं त्याला फार वाटलं, आणि किती वाटतंय ते कळल्यावर त्याला भीती वाटली. जगाच्या उठाठेवी करणाऱ्या या माणसाने ही एवढी एक गोष्ट कधी कुणाला विचारली नव्हती. तेव्हा बाबांच्या उशाशी ताई होती. त्याने तिला फोन लावला.

“ताई, बाबा शेवटी काय म्हणाले गं?”

“आज कुठे विचारावंसं वाटलं तुला?”

“सांग ना.”

“उशी जरा वर कर म्हणाले. मी केली. मग बोललेच नाहीत.”

“माझ्याबद्दल काही?”

“नाही रे. खोटं कशाला सांगू?”

फोन ठेवून तो रडला, बाबा गेले तेव्हाही रडला नव्हता इतका. मग त्याने ओळ होती तिथे परत घातली.

“काढलीस ना?” भागीदार हात पुसत आत आला.

“नाही. राहू दे.”

“आणि गिऱ्हाईक गेलं तर?”

“जाऊ दे.”

भागीदार वाद घालणार होता. पण त्याचा चेहरा बघून तो खुर्ची ओढून शेजारी बसला आणि म्हणाला, “बरं. राहू दे.”