कानबाईची गाणी पेनड्राइव्हवर

आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, त्या श्रावणात तिला कानबाई देवीच्या उत्सवासाठी गावी जाता आलं नाही. जळगावहून पिंपळनेरजवळचं आमचं गाव म्हणजे दोन बसगाड्या आणि पाच तास, आणि डॉक्टरांनी अर्ध्या तासाहून जास्त बसायला मनाई केलेली. नैवेद्याच्या रोटांचे गहू मात्र तिने माझ्या चुलतभावाबरोबर धाडले. म्हणाली, "मी नही ते मना गहू तरी जातीन."

कानबाईचं विसर्जन झाल्यावर चुलतभावाने आदल्या रात्रीच्या गाण्यांचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकला. मोबाइलवर आईला माणसं ओळखू येईनात, म्हणून मी तो डाउनलोड केला, पेनड्राइव्हवर घेतला आणि टीव्हीच्या डीव्हीडी प्लेअरला लावला. फाइल चालत नाही, असा संदेश आला. माहितीपत्रक शोधून वाचलं. प्लेअरला एव्हीआय फाइल हवी होती आणि चित्राची रुंदी ७२० पिक्सेलच्या आत. कॉम्प्युटरवर फाइल बदलायला पाऊण तास लागला. तोवर आईने घडीचं पातळ नेसून घेतलं.

चित्र आलं, पण उंचीचा आकडा माझा चुकला होता. आमच्या जुन्या चौकोनी टीव्हीवर सगळ्या बाया उंच आणि सडपातळ दिसत होत्या.

"भाऊ, तुनी काकू इतली बारीक कव्हय व्हयनी?" आईने मला विचारलं.

"थांब, परत करून आणतो."

"राहू दे. तिले बी एकदाव बारीक व्हऊ दे."

तरी मी परत केलं. आई तेवढा वेळ पडून राहिली. दुसऱ्यांदा काकू काकूसारखी दिसली. आई एकेकीला ओळखत, ताल धरून गाऊ लागली. मध्येच तिचा हात थांबला.

"थांबाड."

मी चित्र थांबवलं.

"एक कडवं सोडी दिधं त्यास्नी. ते दरसाल मीच म्हनस."

थांबलेल्या चित्रासमोर तिने ते कडवं म्हटलं, पूर्ण, बारीक आवाजात. मी विचारलं, "काकूला फोन लावू का? सांग तिला."

"कानबाई गयी आते. आते सांगीसन काय?"

मी बटण दाबलं. बाया पुढचं कडवं म्हणू लागल्या. आई शेवटपर्यंत बघत राहिली, पण त्यांच्याबरोबर पुन्हा गायली नाही.