तीन पावलं मागे

बायकोचा दहा वाक्यांचा संवाद सुरू झाला आणि मी तीन पावलं मागे सरकलो. निव्वळ सौजन्य म्हणून. धुळ्यात देवपूरच्या हॉलमध्ये आमच्या कॉलनीचं हौशी नाटक चाललं होतं. ती भाडेकरू शिंपीण, मी घरमालक. घर सोडायला सांगणाऱ्या मला ती जे सुनावते, तेच नाटकातलं मुख्य. पुढची जागा तिची, आपण कशाला मध्ये, असा माझा विचार. लग्नकार्यात यजमान "पुढे बसा, पुढे बसा" म्हणत असताना शेवटच्या रांगेत खुर्ची धरणारा माणूस मी. रंगमंचावर काय वेगळा वागणार?

पण तिला बोलायचं माझ्याशीच होतं. मी जाऊन टेकलो मागच्या पडद्याला. मग तीही वळली, आणि दहाच्या दहा वाक्यं तिने लोकांकडे पाठ करून म्हटली. लोकांना दिसत होता फक्त माझा चेहरा. मी भुवया उडवल्या. लोक हसले. मला वाटलं, जमतंय की!

नाटक संपल्यावर दिग्दर्शकांनी बाजूला घेतलं. ते कॉलेजात इंग्रजी शिकवतात. म्हणाले, "भाऊ, तुम्ही वहिनींना अपस्टेज केलंत."

मी म्हणालो, "थँक्यू."

त्यांनी कपाळाला हात लावला आणि तिथेच तास घेतला. तिकडे विलायतेत पूर्वी रंगमंच उतरता बांधत. मागची बाजू उंच, प्रेक्षकांकडची खाली. म्हणून मागे जाणं म्हणजे वर, 'अप' जाणं. एखादा नट असा वर जाऊन उभा राहिला, की समोरच्याला त्याच्याकडे वळावंच लागे आणि त्याचं तोंड लोकांना दिसेनासं होई. या खोडीचंच पुढे क्रियापद झालं. आता नाटकाबाहेरही, दुसऱ्याच्या वाटचं लक्ष कुणी खाल्लं की तेच वापरतात.

"पण मी मुद्दाम नाही केलं हो."

"मुद्दाम करणारे निदान तालमीत तरी करून बघतात," ते म्हणाले.

तेवढ्यात सासूबाई आल्या. गुडघे दुखत असताना दोंडाईचाहून एसटीने आल्या होत्या. बायको कॉलेजात असताना तिच्या वडिलांनी तिला गॅदरिंगच्या नाटकातून काढलं होतं. आईचं तेव्हा काही चाललं नाही. आता पन्नाशीला लेक पहिल्यांदा उभी राहिली, ती बघायची होती. लेकीच्या गालावरून हात फिरवत अहिराणीत म्हणाल्या, "बठ्ठं चांगलं शे माय. पण बोलतांना तुनं तोंड काही दिसनं नही."

बायको आईचा हात धरून निघाली. घरी येईपर्यंत माझ्या पुढेच.

पुढचा प्रयोग आठ दिवसांनी जळगावला. ते आठ दिवस मी एका जागी बसलो नाही. दिवाणखान्यात खडूने खुणा करून उभा राहायचो, पुसायचो, पुन्हा करायचो. चहा गार व्हायचा. ऑफिसात साहेबांसमोर उभं राहतानाही आपण कुठे उभे आहोत ते बघायचो. सासूबाईंना रोज फोन. पाचव्या दिवशी त्या वैतागून म्हणाल्या, "येसू मी जावईबापू, येसू! पण खुर्ची पुढली पाहिजे." मग मीच दोंडाईचाला गेलो, त्यांना रेल्वेत बसवून जळगावला आणलं आणि पहिल्या रांगेत बसवलं.

या वेळी संवाद आला तसा मी पुढे, रंगमंचाच्या काठाशी गेलो. आता पाठ माझी होती. पाय मागे जायला शिवशिवत होते, सासूबाईंना दिसतंय की नाही ते वळून बघता येत नव्हतं. समोर फक्त बायकोचा चेहरा. हा मी तालमीतही कधी नीट पाहिला नव्हता. माझं लक्ष माझ्या पुढच्या वाक्याकडे असे. शेवटाकडे ती थांबली. बराच वेळ थांबली. मग माझ्याकडे न बघता तिने दार लावून घेतलं. हॉलमध्ये टाळ्या झाल्या.

विंगेत मी विचारलं, "झालं ना नीट?"

"धुळ्याला एक शब्दही चुकले नव्हते," ती डोळे पुसत म्हणाली. "आज समोर आई दिसली आणि शेवटची दोन वाक्यं गेलीच. तिला सांगू नका. तिला वाटतंय, ते तसंच होतं."