पांढुर्ण्यात त्या दिवशी काही झालं नाही

हे मी कोणाजवळच बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, मुलांजवळ नाही. जामसांवलीच्या मारुतीपुढे कितीदा तरी बसलो — तिथं माणूस निदान मनातल्या मनात तरी बोलतो — तेही जमलं नाही. तुमच्याजवळ बोलतो, कारण तुम्हाला माझं तोंड दिसत नाही.

दर एकतीस ऑक्टोबरला आमच्या पांढुर्ण्याच्या चौकात एक लहानसा कार्यक्रम होतो. दिल्लीत पंतप्रधान बाईंना त्यांच्याच पहारेकऱ्यांनी गोळ्या घातल्या, तो दिवस. फोटोला हार, दोन मिनिटं मौन, मग भाषण. भाषण माझं. सौंसरच्या शाळेत जन्मभर इतिहास शिकवला, आवाज बरा आहे, म्हणून निवृत्तीनंतरही माइक माझ्याच हाती येतो. आणि एक वाक्य मी न चुकता बोलतो — "देश पेटला होता, पण आपल्या पांढुर्ण्यात काही झालं नाही." टाळ्या पडतात. पहिल्या रांगेत जोगिंदरकाका बसलेले असतात, तेही टाळ्या वाजवतात. त्यांना एकच डोळा आहे.

कुठं चाललोय ते तुम्हाला कळलं असेल. पण जरा वळसा घालू द्या. सरळ जाता येत असतं, तर इतकी वर्षं लागली असती का?

गोटमार तुम्ही ऐकून असाल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात. अलीकडे आम्ही, पलीकडे सावरगाववाले, आणि मधून गोटे. बाहेरच्यांना वेडेपणा वाटतो. असेल. पण त्यातही आमची एक रीत आहे — गोटा कोणाचा लागला, हे कोणी विचारत नाही. डोकं फुटो की दात पडो, संध्याकाळी सगळे चंडीमातेच्या देवळात. सोयरे दोन्ही काठांवर, विचारून करणार काय?

जोगिंदरकाका सरदार, ट्रकचे मिस्त्री. संत्र्याच्या हंगामात दिल्लीकडचे ट्रक यायचे, त्यांच्याबरोबर कधीतरी आले आणि इथलेच झाले. बोलीसकट. सौंसर रोडवर त्यांचं दुकान होतं. चौऱ्याऐंशीच्या गोटमारीत ते आमच्या बाजूनं उभे होते. मी कॉलेजात होतो. माझं डोकं फुटलं, मी पाण्यातच बसलो, तेव्हा मला खांद्यावर टाकून देवळापर्यंत त्यांनीच नेलं. वाटभर शिव्या देत होते. त्यांच्या सदऱ्याला ग्रीसचा वास होता.

पुढे दोनेक महिन्यांनी दिल्लीची ती बातमी आली. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. आम्ही पोरं नाक्यावर उभी. "सरदारांनी मारलं" — हे आधी एक जण बोलला, मग सगळेच बोलायला लागले. समोर काका दुकान बंद करत होते. आमच्याकडे पाहून त्यांनी हात वर केला, रोज करायचे तसाच.

मी गोटा मारला.

राग होता का? आठवत नाही. कोणी म्हणालं होतं का, मार म्हणून? नाही. हाताला सवय होती, गोटा पायाशी होता, नेम चांगला होता — यातलं कुठलंही कारण तुम्ही धरू नका. दुसऱ्या कोणीच मारला नाही. एकच गोटा. काका उजव्या डोळ्यावर हात धरून खाली बसले आणि आम्ही पळालो. त्यातल्या एकानंही नंतर कधी विषय काढला नाही. आम्ही सगळ्यांनी तो गोटा गोटमारीतलाच धरला. पण गोटमारीत समोरच्याच्या हातातही गोटा असतो. काकांच्या हातात कुलूप होतं.

ते नागपूरहून परत आले तेव्हा डोळा गेला होता. पोलिसांना त्यांनी सांगितलं, काम करताना स्प्रिंग उडाली. मी संत्र्यांची पिशवी घेऊन भेटायला गेलो. वाईट वाटलं म्हणून? नाही. त्यांनी मला पाहिलं की नाही, हे काढून घ्यायला गेलो. आणि विचारलंही, अगदी साळसूद तोंड करून — "कोन होता काका? दिसला का तुमाले?"

काका संत्रं सोलत राहिले. मग म्हणाले, "गोटा कोनाचा लागला, ते इचारत नसते बेटा. तुले मालूम नाही का?"

अर्धं संत्रं त्यांनी माझ्या हातावर ठेवलं. मी खाल्लं. गोड होतं. आणि मला सुटल्यासारखं वाटलं — सांगायचं होतं ते हे. गोटा हातून एका क्षणात गेला. हे सुटणं मात्र मी तिथं बसून, बिया थुंकत, सावकाश केलं. मग त्याच सुटकेवर नोकरी केली, लग्न केलं, पोरांना इतिहास शिकवला.

त्यांना माहीत आहे का? मला अजून कळलेलं नाही. विचारायचं नसतं ना.

यंदाही मी ते वाक्य बोललो. ते बोलताना आता काहीच होत नाही. हार घातला, मौन पाळलं, बोललो, पाणी प्यायलो.

"मस्त बोलून राहिला होता आज," काका घरी जाताना म्हणाले. "काई झालं नाही म्हन्ते ना तू, ते दरसाल ऐकाले बरं वाटते."

मी "हो काका" म्हणालो.

ते आता फार थकले आहेत. उरलेल्या डोळ्यानं अजून बऱ्यापैकी दिसतं, पण पाय साथ देत नाहीत. म्हणून कार्यक्रम संपला की त्यांना घरी मीच पोचवतो, दंडाला धरून, नेहमी उजव्या बाजूनं. लोक कौतुक करतात — सर बघा, डोळा नाही त्याच बाजूला उभे राहतात.

हो. त्या बाजूनं त्यांना माझं तोंड दिसत नाही.