स्वयंपाकघरातल्या सतरा फुल्या

कुणाच्याही घरी गेले की टेस्टरकाका आधी स्विचबोर्डाकडे बघतात, मग माणसांकडे. अनोळखी यंत्राला पंज्याची उलटी बाजू लावतात, शॉक बसलाच तर हात चिकटू नये. लग्नाला जातानाही खिशात टेस्टर असतो, म्हणून तर हे नाव पडलं. पेन्सिल कानावर ठेवतात आणि घरभर शोधतात. चहा गार झाल्याशिवाय पीत नाहीत, आणि गार झाला म्हणून कुरकुरतात. आपण हळू बोलतो असं त्यांना वाटतं. पलीकडच्या गल्लीला तसं वाटत नाही. चाळीस वर्षं कारखान्यातल्या मशीनांच्या गोंगाटात वायरिंग केल्यावर कान जायचे ते गेले.

आणखी एक सवय होती, लोकांना झापायची. कुणाच्या दाराखालून वायर गेलेली दिसली की काका पेटलेच. "एक्स्टेन्शन म्हणजे पाहुणा. दोन दिवस ठेवा, तिसऱ्या दिवशी वाटेला लावा!"

त्यांच्या स्वतःच्या घरी हा पाहुणा अकरा वर्षं मुक्कामाला होता.

घरामागे, वीस पावलांवर, पत्र्याच्या छपराची एक खोली आहे. निवृत्तीनंतर काका तिथे बसून जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करतात. खोलीला वीज मिळे ती स्वयंपाकघरातून. ओट्याशेजारच्या प्लगमधून एक नारिंगी वायर निघे, जमिनीलगत सबंध भिंत चालून जाई आणि दाराजवळच्या खिडकीतून बाहेर उडी मारी.

म्हणजे काकांची वीज काकूंच्या हातात होती. नवऱ्याला हाका ऐकू येत नाहीत म्हटल्यावर काकूंनी सोपा मार्ग काढला. प्लग एकदा काढून लावला, तर जेवायला या. दोनदा, पाहुणे आलेत, अंगात शर्ट घाला. तीनदा, असाल तसे या.

इकडे काका तांब्याच्या तारेचे वेढे मोजत असत. एका गुंडाळीत दोनशे चाळीस. एक इकडचा तिकडे झाला तरी काकांना झोप लागत नाही. एकशे सत्तावीस, एकशे अठ्ठावीस... दिवा गेला. दिवा आला. काका तणतणत स्वयंपाकघरात.

"अगं, एकशे अठ्ठावीसवर होतो मी!"

"आणि भात अर्धा तास ताटात आहे. तो कितीवर आहे ते विचारलंत?"

एकदा लेक सुट्टीला आली आणि वायरीला अडखळली. "बाबा, हे दुसऱ्याच्या घरी दिसलं असतं तर?"

काकांची मान खाली गेली. ती वर आली तेव्हा हातात कुदळ होती.

आठ दिवस त्यांनी चर खणला, गुडघाभर खोल. तळाशी वाळू, वाळूत जाड केबल, केबलीवर विटांची रांग. उद्या कुणी घाव घातलाच तर आधी विटेला लागावा. खोलीत वेगळा बोर्ड, वेगळं अर्थिंग. काम असं की बघत राहावं. काकू चर ओलांडून कपडे वाळत घालत आणि एक शब्द बोलत नसत. हे लक्षण काकांनी ओळखायला हवं होतं.

नवव्या दिवशी सकाळी फक्त घरातली जोडणी उरली होती. तेवढ्यात जुन्या वायरीवर शेवटची एक मोटार उरकावी म्हणून काका बसले. एकशे ब्याण्णव. दिवा गेला. आला नाही. काका वाट बघत राहिले. ही कुठली नवी खूण? मग ताडताड निघाले. आज सोक्षमोक्षच लावायचा.

काकू जमिनीवर पडल्या होत्या. वरच्या फळीवरचा डबा काढायला स्टुलावर चढल्या आणि स्टूल एकीकडे, त्या एकीकडे. घोटा भलतीकडेच वळला होता. पडल्या त्या ओट्यापासून लांब, दाराशी. हाताला लागली ती भिंतीलगतची वायर. तिला हिसडा देऊन त्यांनी प्लग ओढून घेतला होता. तो अजून मुठीत होता.

"कितीवर होतात?" त्यांनी विचारलं.

काका खाली बसून घोटा बघू लागले.

"विसरलात ना? मोजा आता परत."

प्लास्टर सहा आठवडे होतं. तेवढ्या काळात काकांनी बराच भात करपवला आणि बराच विचार केला. तोडगा निघाला. नवी लाइन स्वयंपाकघरातल्या एका बटणावरून न्यायची. काकूंनी बटण दाबलं की खोलीत अंधार.

"कुठे बसवू?" काका पेन्सिल शोधत म्हणाले.

"कानावर आहे. ओट्यापाशी नको, मी दाराशी पडले होते."

काकांनी दाराशी फुली मारली.

"आणि उद्या ओट्यापाशी पडले तर?"

"अगं, एक जागा ठरवून पड ना!"

"बरं. पाटी लावा, तिथेच पडते."

मग उंचीवरून जुंपली. पडलेल्या माणसाचा हात कुठवर पोचतो? काका फरशीवर आडवे झाले. त्यांचा हात लांब, म्हणून काकूही झाल्या. नेमकी तेव्हाच आईला बघायला आलेली लेक दारात आली आणि किंचाळली.

"माप घेतोय," काका छताकडे बघत म्हणाले.

"ओरडू नकोस, तूही आडवी हो," काकू म्हणाल्या. "तुझा हात माझ्याएवढाच आहे."

बटण एका जागी बसतं. वायर भिंतभर असते. काकांना हे कळून चुकलंय, पण चाळीस वर्षांचा वायरमन ते तोंडाने कसं कबूल करणार?

आता चरावर गवत आलंय. केबलीची दोन्ही टोकं टेप गुंडाळून तयार आहेत. बटण कपाटाच्या खणात आहे. नारिंगी वायर जुनी झाली म्हणून काकांनी नवी आणली, तशीच नारिंगी, थोडी लांब. स्वयंपाकघराच्या भिंतीवर पेन्सिलीच्या सतरा फुल्या आहेत.

"काही नाही, एक भोक पाडायचं राहिलंय," खोलीत तार गुंडाळता गुंडाळता काका विचारणाऱ्याला सांगतात. बोलता बोलता दिवा जातो, येतो. काका न शोधता कानावरची पेन्सिल काढतात, खोलीच्या भिंतीवर "१५२" लिहितात आणि जेवायला जातात.