नातीच्या टाळूचा वास

शनिवारी दुपारी उरणला घरी पोचले, तर आई माझ्या लेकीला मांडीवर घेऊन ओटीवर बसली होती... आणि तिच्या हातात आमच्या लॅबमधली रिकामी ट्यूब.

आमच्याकडे थर्माकोलचा डबा कुणी टाकत नाही, मासळीला कामाला येतो. लॅबमध्ये बर्फातलं पार्सल आलं की रिकामा डबा मी हक्काने घरी आणते. या वेळी त्यात एक धुतलेली ट्यूब राहिली होती... चूक माझीच.

माझं काम रिसेप्टरचं. माणसाच्या नाकात वास पकडणारी जी प्रोटीन्स असतात, ती आम्ही बाटलीत वाढवलेल्या पेशींकडून बनवून घेतो. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे तुमी नाक बनवता?" मला निघायची घाई... "हो, तसंच समज," म्हणून मी मोकळी झाले.

आईची वास घ्यायची शक्ती कोरोनात गेली, ती परत आलीच नाही. आमटी करपली तरी तीच आधी हसते. तिने ते मनावर घेतलेलं नाही, असंच मी धरून चालले होते.

आता मी दारातूनच बघत होते. तिने ट्यूब उघडून नाकाशी धरली, दोनदा खोल श्वास घेतला... आणि मग नातीच्या टाळूवर नाक टेकवलं. बराच वेळ तशीच राहिली.

मला बघितल्यावर ओशाळली. "न्हाय गो, काय न्हाय येत," म्हणाली. "मना वाटलं, एकदा तरी कलंल, पोरीचा वास कसा हाय तो."

मग मात्र मी तिच्याशेजारी बसून नीट सांगितलं. ट्यूब रिकामी आहे, आणि आम्ही बनवतो ती प्रोटीन्स फक्त संशोधनासाठी असतात, माणसांवर वापरायची नसतात. यातून कधी औषध निघेल का, तेही मला माहीत नाही... तिने सगळं ऐकून घेतलं आणि लेकीला माझ्याकडे दिलं. "तू घे वास. आन मना सांग."

खोबरेल तेल, दूध, थोडासा घाम... एवढं सांगितलं आणि माझे शब्दच संपले. इतकी वर्षं वासावर काम करतेय, पण आईला हवा असलेला हा एक वास मला तिच्यापर्यंत नेता येत नव्हता. फार वाईट वाटलं.

आई डोळे मिटून बसली होती. "आजून सांग," म्हणाली...