शेणावर पाळत

नव्वदच्या दशकातली गोष्ट. अंथुर्ण्याच्या आमच्या मळ्यात गोबरगॅस बसला. पहिली निळी ज्योत बघितल्याबरोबर बायकोनं चूल फोडली. "आता मला परत धुरात बसवायचं न्हाय," ती म्हणाली. मी छाती काढून होकार दिला.

मे महिन्यात गॅस घटला. टाकीवरचा लोखंडी टोप वर येईना, चहाला अर्धा तास लागायला लागला. उन्हाळ्यात उलट गॅस जास्त मिळायला पाहिजे. म्हणजे शेण चोरीला जात होतं. माझा संशय शेजारच्या वस्तीवरच्या चुलतीवर, नानीवर गेला. नानीच्या दारात गाय एक, आणि गोवऱ्यांची रास डोक्याएवढी उंच!

शेणाच्या ढिगावर मी काठीनं खूण करून ठेवू लागलो. नानीच्या गोवऱ्यांत आपल्या म्हशींचं शेण ओळखू येतंय का, तेही बघून आलो. शेवटी ती ताक न्यायला आली तेव्हा बोललोच, "नानी, एका गाईच्या मानानं गोवऱ्या लय झाल्या की."

"माझी गाय खाती कमी आन् टाकती जास्त," नानी म्हणाली. "तुझं उलटं हाय." ताक तिथंच ठेवून ती गेली.

मग बारामतीहून मिस्त्री आणला. त्यानं माणसं लावून टोप उचलला, तर खाली वीतभर जाड, वाळलेली खपली.

"शेणाबिगर काय टाकलंय का, तात्या?"

"कायबी न्हाय. म्हणजे... लेंड्या टाकल्यात."

आमची जात मेंढरं राखणाऱ्यांची. त्याच महिन्यात खतासाठी भावकीतला कळप रानात बसवला होता. ज्या लेंडीनं ज्वारी डोक्याच्या वर जाते, तिनं गॅस किती उसळेल, या हिशेबानं मी चार पोती गुपचूप आत ओतली होती.

"आवो, लेंडी तरंगती, वर खपली धरती, मग गॅस अडतो," मिस्त्री म्हणाला. "भिजवून, चेचून टाकायची असती. आता सगळं उपसा. पंधरा दिवस गॅस इसरा."

बायकोनं चहाचं पातेलं माझ्यापुढं आणून ठेवलं. मी चुलीसाठी तीन विटा मांडल्या आणि जळणासाठी पाटी घेऊन नानीकडं गेलो. तिनं गोवऱ्यांनी पाटी भरून दिली. इतक्या सहज दिल्यावर मला पुन्हा शंका आली.

"एवढं शेण आणलंस कुठनं, नानी?"

"भवानीनगरच्या रस्त्यावरनं. कारखान्याला उसाच्या गाड्या रांगंत उभ्या असत्यात, बैलं काय मोकळी बसत्यात व्हय? सगळा हंगाम पाटी घिऊन जात हुते."

सगळा हंगाम मीही त्याच रस्त्यानं सायकलवर दूध घालायला जात होतो. पाटी डोक्यावर घेऊन चालणारी नानी मला एकदाही दिसली नव्हती.