फायरप्लेसवरचं कोमट पाणी

या पानावरचे अनुभव मी नेमाने वाचतो, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसण्यासाठीच. वडाखालची बाई, घाटात लिफ्ट मागणारा म्हातारा... माझा धंदाच असा की असल्या गोष्टींवर विश्वास ठेवून भागत नाही. मी जुनं सामान घेतो आणि विकतो. आरामखुर्च्या, आरसे, झुंबरं, नक्षीची कपाटं — ज्यांचे मालक जाऊन पिढ्या लोटल्या असं सगळं. कुणाकुणाच्या मृत्युशय्येवर मी दुपारची झोप काढली असेल, देव जाणे! कधी काही झालं नाही. कुणी भुताखेताचं सांगायला लागलं की मी सरळ चहा मागवून विषय बदलायचो.

हे लिहायला मला दोन वर्षं लागली. भीती वाटली म्हणून थांबलो असतो तर चारचौघांत सांगता तरी आलं असतं. मला लाज वाटत होती. अजून वाटते.

माझं गोडाऊन कर्जतला, भिसेगावात आहे. माथेरान-खंडाळ्याकडचे जुने बंगले पाडायला निघाले की आतलं सामान मी उचलतो आणि खालापूर तालुक्यात जी फार्महाउसं उभी राहतायत त्यांना देतो. हल्ली संगमरवरी फायरप्लेसला फार मागणी आहे. आपल्याकडे मे महिन्यात अंगणात अनवाणी पाय ठेववत नाही, तरी लोकांना दिवाणखान्यात साहेबी शेकोटी हवी! पेटवत कुणीच नाही. आत लाल दिव्यांची माळ सोडतात आणि वरच्या फळीवर घड्याळ नि फोटो मांडतात. हौसेला मोल नाही म्हणतात, आणि माझं घर त्याच हौसेवर चालतं.

अशीच एक फायरप्लेस मी खालापूरकडच्या एका मॅडमना दिली होती. बाजूचे दोन्ही खांब शाबूत, मधली पट्टी शाबूत, पण वरची आडवी फळी बंगला पाडतानाच फुटलेली. "जोडीची मिळवून देतो," असं मी छातीठोकपणे सांगून बसलो. नवीन घडवून चालत नाही. जुना संगमरवर सायीसारखा पिवळसर होतो, त्याच्याशेजारी नवा पांढराफटक दिसतो. जानेवारीत मॅडमची वास्तुशांत होती. डिसेंबर अर्धा संपला तरी फळीचा पत्ता नव्हता.

त्याच दिवसांत मी कशेळ्याच्या पुढे, रस्ता सोडून आत, एका गावात सागवानी दरवाजे बघायला गेलो. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. दरवाजे वाळवीने खाल्लेले निघाले. परत फिरताना एका घरी पाणी मागितलं. घरात गोदाआजी एकट्याच होत्या, सत्तरीच्या पुढच्या. मुलगा साजगावला कारखान्यात कामाला, सून बाजाराला गेलेली. "ये रं बाबा, सावलीला बस," म्हणाल्या. पाणी दिलं, वर गुळाचा खडा दिला. पाय धुवायला मी मागच्या न्हाणीत गेलो, आणि तिथे जमिनीत बसवलेला लांबट दगड दिसला. शेवाळ धरलेला. कडेला नखाने खरवडलं तर खाली द्राक्षाचा वेल कोरलेला! खिशातली टेप लावली. साडेचार फूट. मला हवी तीच फळी.

आजींच्या सासऱ्यांनी ती फार पूर्वी डोंगरावरच्या साहेबाच्या बंगल्यातून बैलगाडीत घालून आणली होती. तिच्यावर आजी बाळांना न्हाऊ घालत. पाटावर बसायचं, पाय त्या दगडावर लांब करायचे आणि बाळ पायांवर घ्यायचं. गावातल्या बाळंतिणी आपापली लेकरं घेऊन त्यांच्याकडेच यायच्या.

"बदल्यात ग्रॅनाइट बसवून देतो," मी म्हणालो. "चकचकीत."

"नाय रं. आख्ख्या गावाची पोरं त्याच्यावर न्हाऊन मोठी झाली. आसं कसं दिऊ?"

मी बरंच घोळवलं. आजी हसत होत्या, पण हलत नव्हत्या. मग बोलता बोलता म्हणाल्या, "माजा नातू पन ह्याच्यावरच न्हायला. एकवीस दिसांचा व्हता. गेल्या साली गेला. ताप काय आला नि... डाक्टरला पन कळ्ळं नाय."

आणि ते ऐकून मला सुचलं. हो, ते ऐकूनच.

मी आधी दगडाकडे बघत राहिलो. ते बघत राहणंही मुद्दाम होतं. मग आवाज खाली आणून म्हणालो, "आजी, राग मानू नका. मी रोज हेच काम करतो, म्हणून सांगतो. हा बंगल्यातला दगड नाही. असे वेल साहेबलोक थडग्यावर कोरायचे. हा थडग्यावरचा आहे."

आजींनी एकदा दगडाकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या हातांकडे. "आन् मी त्याच्यावर..." एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

तेव्हाही वेळ गेलेली नव्हती. मस्करी केली म्हणता आलं असतं. मी टेंपोवाल्याला फोन लावला. तिघांनी मिळून दगड उपटला, तरी आजी बाहेर आल्या नाहीत. पैसे देऊ केले, तर आतून आवाज आला, "काय नको. ने लवकर." जाताना गाडीत मी स्वतःवर खूश होतो, हेही लिहून टाकतो.

फळी पाणी मारमारून घासली, पॉलिश केली, बसवली; त्या कामात दगड ओलाच असतो. वास्तुशांतीला लोकांनी तिचे फोटो काढले. चौथ्या दिवशी मॅडमचा फोन आला. "अहो, तुमचा दगड रोज सकाळी ओला होतोय. आणि त्यावर पिवळे डाग पडलेत."

जानेवारीत पाऊस नाही. प्लंबर नेला, त्या भिंतीत पाइपच नव्हता. वरचं छत कोरडं. थंडीत दगडाला घाम सुटतो म्हणून मी वेळ मारून नेली. पण तिथे काम करणाऱ्या मंदाताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "साहेब, घाम गार असतो ना? ह्याला हात लावून बघा. नऊच्या सुमाराला या."

दुसऱ्या दिवशी मी पावणेनऊलाच जाऊन उभा राहिलो. फळीवरचं घड्याळ, फोटो सगळं उतरवलं. फडक्याने स्वतः पुसली. खिडकीतून लख्ख ऊन आत आलेलं, मंदाताई माझ्या बाजूला. नऊ वाजून दहा मिनिटं झाली असतील... फळीचा मधला भाग आधी जरा काळसर झाला. मग तिथे पाणी दिसलं. वरून पडलं नाही, कुठून झिरपलं नाही. होतं, बस्स. कडेच्या वेलावरून थेंब खाली ठिबकायला लागले. मी हात ठेवला. कोमट होतं — बाळाच्या अंघोळीचं पाणी कोपर बुडवून बघतात ना, तेवढं. बोटं एकमेकांवर घासली तर तेलकट. आणि पिवळी. हळद आणि डाळीचं पीठ.

मग वास आला. ओवा, वावडिंग, बाळंतशेपा... निखाऱ्यावर टाकलेली धुरी. फायरप्लेसच्या आत लाल दिव्यांची माळ सोडून काहीही नव्हतं.

"घरात बाळंतीन हाय का कोन?" मंदाताई कुजबुजल्या.

पंधरा-वीस मिनिटांत सगळं थांबलं. मॅडमनी विचारलं तेव्हा मी "जुना दगड आहे, मुरेल हळूहळू," असं सांगितलं. म्हणजे खोटं बोलायची माझी सवय तेव्हाही गेली नव्हती. पण ती हळद, ते पीठ कुठल्या न्हाणीतलं, हे मला ओळखू आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला मी गोदाआजींच्या दारात होतो. दार उघडलं सुनेनं, वैशालीनं. तिला आठवा महिना लागलेला. मी कोण ते सांगितल्यावर तिने मला मागच्या दारापर्यंत नेलं.

आजी न्हाणीत पाटावर बसल्या होत्या. दगड उपटला होता तिथे चिखल झालेला. त्या चिखलात पाय लांब केलेले. शेजारी वाफाळता हंडा, तेलाची वाटी, पिठाची वाटी, धुरीची शेगडी. पायांवर काहीच नव्हतं. आजी तांब्याने कोमट पाणी हळूहळू त्या रिकाम्या पायांवर सोडत होत्या, आणि दुसऱ्या हाताचा आडोसा धरला होता... बाळाच्या डोळ्यांत पाणी जाऊ नये म्हणून धरतात तसा.

"तुमी दगड नेलात त्या दिसापासून रोज हेच," वैशाली हळू आवाजात म्हणाली. "मला म्हनल्या, ह्याच हातांनी तुज्या पोराला मारलं मी. आता व्हईल त्याला हात लावनार नाय. गावातल्या बायांना पन सांगून आल्या, की तुमची लेकरं मी थडग्यावर न्हाऊ घातली. आता कोन येत नाय हिकडं." जरा थांबून ती म्हणाली, "आन् दादा, खरं सांगते, मला पन भ्या वाटतं त्यांच्या हाताचं."

मी धावतच खाली उतरलो. आजींच्या हातातला तांब्या धरला आणि तिथेच चिखलात बसलो. "आजी, मी खोटं बोललो. तो थडग्याचा दगड नाही. शेकोटीवरची फळी आहे, तुमचे सासरे सांगायचे तेच खरं. मला ती पाहिजे होती म्हणून मी बोललो. तुमच्या हातून काही झालेलं नाही."

आजींनी मला नीट न्याहाळलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आता काय पायजे तुला?" त्यांनी विचारलं. अगदी साधेपणाने विचारलं. "अजून काय ऱ्हायलंय न्यायचं?"

मी तांब्या खाली ठेवला. मागून वैशाली म्हणाली, "हे गावातल्या बायांसमोर बोलाल?" मी हो म्हणालो, पण लगेच नव्हे. धंदा आठवला, नाव आठवलं. तेवढी माझी चालढकल वैशालीने बघितली, मला माहीत आहे. मग तिने आठ-दहा जणींना हाक मारून आणलं आणि मी अंगणात उभं राहून सगळं पहिल्यापासून सांगितलं. कुणी शिव्या दिल्या नाहीत. एक म्हातारी तेवढी म्हणाली, "तवा बी आसाच गरिबावानी तोंड करून बोल्ला आसशील तू."

परतताना मंदाताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "आज जराशी ओली झाली नि लगेच थांबली बघा. वास पन नाय आला." मी तांब्या धरला होता, तीच वेळ.

मॅडमना खरं सांगितलं. त्यांनी फळी तर परत दिलीच, वर यापुढे फोन करू नका म्हणाल्या. ते योग्यच होतं. दोन दिवसांनी मी दगड होता तिथे, होता तसा बसवून दिला.

खालापूरचं ते घर आणि आजींचं गाव यांच्यामध्ये अख्खं कर्जत पडतं. एकमेकांना ओळखणारं दोन्हीकडे कुणी नाही. तिथलं पाणी, हळद, तेल इथे कसं आलं? मी दगडाची माहिती असलेल्या दोघांना विचारलं, एका डॉक्टरांनाही विचारलं. कुणाकडे उत्तर नाही, माझ्याकडेही नाही. कुणाला सुचलं तर जरूर कळवा.

मार्चमध्ये वैशालीला मुलगी झाली. महिन्याभराने मी अंगडं-टोपडं घेऊन गेलो. पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. ओटीवर बसलो होतो, तिथून मागचं दार सरळ दिसत होतं. आजी पाटावर, पाय दगडावर लांब केलेले, आणि पायांवर ती एवढीशी पोर, लालबुंद होऊन रडत होती. आजी काहीतरी गुणगुणत तिच्या पाठीला पीठ चोळत होत्या. मला रडू आलं, सुटलो असं वाटलं.

मग मी नीट बघितलं. वैशाली शेजारी उकिडवी बसली होती आणि तिचा एक हात बाळाच्या मानेखाली होता. आजींनी बाळ पालथं केलं, हात तिथेच. पाणी घातलं, हात तिथेच. आजींना त्या हाताच्या आजूबाजूनं न्हाऊ घालावं लागत होतं. त्या तसंच घालत होत्या.

वैशालीची नजर वर गेली. मला बघून ती ओशाळली आणि तिने पदर सारखा करायचं निमित्त शोधलं. पण तो हात काही तिने काढला नाही.